बाईंच्या घंटीला अपील नाही

विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बाईंच्या टेबलावर एक पितळी घंटी होती. वरचं बटण तळव्याने दाबलं की टण्णकन वाजणारी, जुन्या लॉजच्या काउंटरवर असते तशी. वर्षभर ती सुट्या कागदांवर ठेवायच्या कामी यायची. वार्षिक परिसंवादाच्या दिवशी मात्र बाई तिला रुमालाने पुसून सभागृहात न्यायच्या आणि मग ती भल्याभल्यांची बोलती बंद करायची.

परिसंवादाचं नाव कायमचं ठरलेलं होतं, 'आजचे कायदेविषयक आणि सामाजिक प्रश्न'. विषय दरवर्षी नवा. एका वर्षी दत्तक, एका वर्षी भाडेकरू, एका वर्षी इंटरनेटवरची बदनामी, एका वर्षी म्हातारे आईबाप आणि त्यांना न विचारणारी मुलं. प्रश्न बदलायचे, वक्तेही थोडेफार बदलायचे. पहिल्या रांगेत मधोमध बसून डुलक्या घेणारा माणूस तेवढा बदलत नसे, कारण तो संस्थेचा अध्यक्ष होता.

माईक हाती आला की कोणाचंच बोलणं आवरत नाही. त्यातून तो माणूस वकील किंवा प्राध्यापक असला तर बघायलाच नको. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षीच्या परिसंवादात जेवणाची सुट्टी चहाच्या वेळेला झाली होती. तेव्हाचे प्राचार्य हैराण होऊन समोर दिसलेल्या बाईंना म्हणाले, "तुमच्याकडे घड्याळ आहे ना? मग बसा इथे आणि वाजवा." तेव्हापासून बाई व्यासपीठाच्या डाव्या हाताला, छोट्या टेबलाशी बसू लागल्या. एक ठोका इशाऱ्याचा, म्हणजे आवरतं घ्या. दोन ठोके म्हणजे संपलं.

दोन ठोक्यांनंतर कोणी बोललं, असं पुढे झालंच नाही. वरच्या कोर्टातले एक न्यायाधीश एकदा बराच वेळ प्रस्तावना करून म्हणाले, "आता मी मूळ मुद्द्याकडे येतो." तेवढ्यात दोन ठोके पडले. न्यायाधीशांनी बाईंकडे पाहिलं, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं आणि कागद गोळा केले. "बाईंनी निकाल दिलाय. याला अपील नाही," असं म्हणून ते खाली बसले. त्यांचा मूळ मुद्दा काय होता ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही आणि त्यावाचून कोणाचं काही अडलेलंही नाही. बाईंना 'घंटीबाई' हे नाव पडलं ते तेव्हापासून. समोर अर्थातच नुसतं 'बाई'.

ही विद्या त्या महाविद्यालयात शिकल्या नव्हत्या. ती घरातली होती.

बाई स्वतः एकेकाळी कायद्याच्या विद्यार्थिनी. वर्गातल्याच एका मुलाशी लग्न झालं. तो बोलण्यात पट्टीचा होता. दोन खोल्यांच्या घरात तो पलंगापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत भाषणांची तालीम करायचा आणि बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घड्याळ घेऊन बसायच्या. वेळ संपली की त्या चमच्याने ग्लासवर दोनदा टिचकी मारायच्या. तो बोलता बोलता थबकायचा आणि वैतागायचा.

"अगं, तो किस्सा राहिला ना!"

"मग किस्सा काप."

"किस्सा कापला तर मागे उरतं काय?"

यात तथ्य होतं. त्याची सगळी मदार किस्स्यांवर असे. किस्सा येणार असला की तो आधी चष्मा काढायचा, हसायचा आणि मगच तोंड उघडायचा. चष्मा निघाला की बाई मनाशी म्हणायच्या, आला.

पुढे मुलगी झाली आणि बाईंची शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिली ती राहिलीच. त्याची राहिली नाही. तो शिकला, शिकवू लागला, मोठा झाला. दुसऱ्या शहरात मोठी जागा मिळाली, तिथे दुसरी कोणी भेटली आणि एका रविवारी येऊन त्याने हे सगळं बाईंना सांगून टाकलं. जन्मात तो एकदाच वेळेच्या आत बोलला, तो त्या दिवशी. ग्लासवर टिचकी मारायची गरजच पडली नाही.

बाईंना राग आला. साधासुधा नाही, चांगला अंगाची लाही करणारा. मुलीला पदराखाली घेऊन रडत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी ग्रंथालयाचा अभ्यासक्रम पुरा केला, नोकरी धरली, मुलीला वाढवलं. राग पुढे पुढे कमी झाला, पण संपला नाही. फोडणीच्या वासासारखा घरात कुठेतरी राहिला. मुलगी नोकरीसाठी बापाच्याच शहरात गेली तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही. तोवर ती दुसरीही त्याला सोडून गेली होती. हे कळलं तेव्हा बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

तर त्या वर्षी असं झालं की महाविद्यालयात नवे प्राचार्य आले होते, बाहेरून. संयोजन समितीच्या बैठकीत विषय ठरला, 'घटस्फोट: बदलता कायदा, बदलता समाज'. बीजभाषणाला कोण, असा प्रश्न आला तेव्हा प्राचार्यांनी उत्साहाने या विषयातलं सगळ्यात मोठं नाव घेतलं. जो तो आपल्या बशीतल्या बिस्किटाकडे बघू लागला. प्राचार्यांना वाटलं, एकमत झालं. त्यांनी निमंत्रण पाठवलं, होकारही आला आणि त्यानंतर फौजदारी कायदा शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हे मोठं नाव म्हणजे आपल्या ग्रंथालयातल्या बाईंचा नवरा. पूर्वीचा.

प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बसा, बाई. मला खरंच कल्पना नव्हती हो."

"कशाची?"

"म्हणजे, जे येतायत ते तुमचे... आधीचे..."

"नवरा," बाई म्हणाल्या. "त्या शब्दाला काय घाबरताय, सर? तुमचा विषयच तो आहे."

प्राचार्यांनी घाम पुसला. "मी काय म्हणतो, यंदा घंटी दुसऱ्या कोणाकडे देऊ या का? उगाच तुम्हाला अवघडल्यासारखं नको."

"मला नाही व्हायचं अवघड. त्यांना झालं तर त्यांनी लवकर संपवावं."

"लोक बोलतील, बाई. तुम्ही वेळेवर वाजवलीत तरी म्हणतील, मुद्दाम वाजवली."

"वेळेवर वाजवली तर कोण काय बोलणार? घड्याळ भिंतीवर आहे. सगळ्यांना दिसतं."

प्राचार्यांनी घंटी बाईंकडेच राहू दिली. बाईंनी हे तोंडाला येईल ते म्हणून टाकलेलं नव्हतं. महाविद्यालयात त्यांच्या शब्दावर चालणारी ती एवढीच गोष्ट होती. पुस्तकं कोणती घ्यायची ते समिती ठरवायची, सुट्टी कधी ते कार्यालय ठरवायचं. घंटी मात्र त्यांची. ओळखीचा म्हणून कोणाला जास्त वेळ नाही, नावडता म्हणून कोणाला कमी नाही, असं त्यांच्याबद्दल सगळे बोलायचे आणि ते खरं होतं. नेमकी याच वर्षी घंटी दुसऱ्याच्या हाती गेली असती तर त्याचा एकच अर्थ निघाला असता, की तो समोर आला तर बाईंचा भरवसा नाही.

मुलीचा फोन आला. बाबांना गाडीने तीच घेऊन येणार होती.

"आई, त्यांना घंटी नको ना वाजवूस. बोलू दे मनसोक्त. थकलेत गं हल्ली."

"सगळ्यांना वाजते, त्यांनाही वाजेल."

"हल्ली तेच तेच सांगतात. ऐकून घ्यायचं झालं."

"ते आधीपासूनच तेच तेच सांगतात," बाई म्हणाल्या. यावर मायलेकी दोघीही हसल्या आणि विषय तिथेच संपला.

परिसंवादाच्या सकाळी सभागृहाबाहेर चहा चालला होता. बाई घंटी घेऊन निघाल्या तर समोरच ते. केस पांढरे, कपडे कडक इस्त्रीचे, अवतीभवती विद्यार्थ्यांचा घोळका. कॉलेजात असताना बाई त्यांना 'अरे' म्हणायच्या, लग्नानंतर चारचौघांत 'अहो'. आता त्यांनी 'नमस्कार सर' म्हणून प्रश्न मिटवला.

"अगं, तू!" ते मनापासून हसले. "अजून बिनसाखरेचाच पितेस का चहा?"

"हो."

"छान. तब्येत सांभाळलीस." मग त्यांनी बाईंच्या हातातल्या घंटीकडे पाहिलं. "ही कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच."

घोळका हसला, तेही हसले. पेल्यातला चहा ढवळत त्यांनी पुन्हा बाईंकडे पाहिलं आणि तितक्याच आपुलकीने विचारलं, "अजून बिनसाखरेचाच पितेस का चहा?" बाईंना वाटलं, गर्दीत उत्तर ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा हो म्हटलं आणि त्या आत जाऊन आपल्या टेबलाशी बसल्या.

सभागृह खच्चून भरलं होतं. विषयाला गर्दी होती की नवराबायकोला बघायला, हे सांगणं कठीण. ते बोलायला उभे राहिले. हातात कागद नाही, तेव्हाही नसायचा. सुरुवात उत्तम झाली. लग्न हा करार की संस्कार यावर दोन्ही बाजूंना चिमटे काढून झाले. पोटगीचा मुद्दा झाला. आवाज थोडा जाड झाला होता, पण जागच्या जागी थांबणं, लोकांना हसायला वेळ देणं, सगळं तसंच. बाई घड्याळावर नजर ठेवून ऐकत होत्या. चांगलं बोलतोय, असं त्यांना वाटलं. असं वाटल्याचा रागही आला.

मग त्यांनी चष्मा काढला. आला, बाई मनाशी म्हणाल्या.

"परवाच एक जोडपं माझ्याकडे आलं," ते म्हणाले. "दोघंही साठीच्या पुढची. रीतसर वेगळी झालेली. आणि घरं कुठे घेतली? शेजारी शेजारी! मी म्हटलं, अहो, मग वेगळे झालात कशाला? तर त्यातल्या बाई म्हणाल्या, आता भांडण झालं की मला माझं दार लावून घेता येतं."

सभागृह खो खो हसलं. पहिल्या रांगेतले अध्यक्ष दचकून जागे झाले आणि इतरांबरोबर हसून पुन्हा झोपले. बाईंनाही हसू आलं. किस्सा नवा होता, त्यांच्या ग्लासवरच्या टिचकीखालून गेलेला नव्हता.

चष्मा डोळ्यांवर गेला. मुलांच्या ताब्याचा मुद्दा सुरू झाला, चार वाक्यं बरी चालली आणि चष्मा पुन्हा निघाला.

"परवाच एक जोडपं माझ्याकडे आलं. दोघंही साठीच्या पुढची."

तेच शब्द, त्याच जागी थांबणं, हाताची तीच हालचाल. काही जण हसले. मोठा माणूस आहे, मुद्दा ठसवत असेल, असं त्यांना वाटलं. परिसंवादात निम्मे लोक ऐकतच नसतात, त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. पण मागच्या रांगेतल्या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना कोपरखळी मारली आणि सत्राच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मुलगी तिसऱ्या रांगेत होती. तिची मान मोबाइलवर झुकलेली होती. हा किस्सा तिला येताना गाडीतच ऐकवून झाला असणार.

बाईंनी घड्याळावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. बिनसाखरेचा चहा आठवला. मुलीचं 'तेच तेच' आठवलं.

किस्सा संपला. या वेळी हशा थोडा आणि फाटका होता. ते पुढच्या मुद्द्यासाठी थांबले आणि मुद्दा आला नाही. त्यांनी छताकडे पाहिलं, समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ते काहीतरी शोधत होते. बाईंना तो चेहरा अगदी पाठ होता, पण ही शोधाशोध त्यांनी कधी पाहिली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात अजून कितीतरी वेळ होता. इशाऱ्याच्या ठोक्यालासुद्धा अवकाश होता.

त्यांचा हात चष्म्याकडे गेला. चष्मा निघाला.

"परवाच एक..."

टण्ण. टण्ण.

चमच्याच्या आवाजाला तोंड मिटायची सवय त्या माणसाच्या अंगात अजून शिल्लक होती. ते तिथल्या तिथे थांबले. वळून बाईंकडे पाहिलं. क्षणभर चेहरा कोरा होता, मग ओळख पटली आणि ते दिलखुलास हसले.

"झालं! यांच्यापुढे माझं घरातही कधी चाललं नाही," ते म्हणाले आणि हात जोडून खाली बसले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. थकलेल्या म्हाताऱ्याऐवजी सभागृहाला एक रुबाबदार माणूस बसताना दिसला. मग एकेक मान भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली आणि तिथून बाईंकडे. कुजबुज सुरू झाली.

मधल्या सुट्टीत बाईंना चहाही धड घेता आला नाही. फौजदारीवाल्या बाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला. "बरी जिरवलीत! मी असते तर पहिल्या वाक्यालाच वाजवली असती." आणखी एकीने इतक्या वर्षांचं उट्टं काढल्याबद्दल अभिनंदन केलं. कराराचा कायदा शिकवणारे सर मात्र बाईंना टाळून पलीकडून गेले. ते आजवर प्रत्येक परिसंवादात या घंटीचं उदाहरण देऊन निःपक्षपातीपणावर बोलत आले होते.

प्राचार्य आले. ते चिडले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं. "मी म्हटलं होतं ना, बाई. घड्याळ सगळ्यांना दिसतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. काही कारण झालं का?"

कारण सांगणं सोपं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य पुढच्या सत्राच्या आत सभागृहभर झालं असतं आणि आठवड्याभरात जिथे जिथे कायदा शिकवतात तिथे तिथे पोचलं असतं, की सरांचं डोकं गेलं. अजून ते तीन समित्यांवर होते, लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येत होते. इथून आज दोघांपैकी एकाचं नाव खराब होऊन घरी जाणार होतं. बाईंनी आपलं दिलं.

"माझं चुकलं, सर," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षीपासून सभागृहात लाल आकड्यांचं घड्याळ बसलं. ते उलटं मोजत शून्यावर येतं. वक्ते शून्याकडे बघतात आणि बोलत राहतात. जेवणाची सुट्टी पुन्हा चहाच्या वेळेला होते. घंटी ग्रंथालयात कागदांवर बसलेली असते, बारा महिने.

पण ते पुढचं. त्या दुपारी बाई घंटी घेऊन ग्रंथालयात परतल्या तर पाठोपाठ मुलगी आत आली आणि दार ओढून घेत म्हणाली, "एवढं मनात ठेवलं होतंस, आई? मी सांगितलं होतं ना, थकलेत म्हणून? भर सभेत त्यांचा अपमान करून काय मिळालं तुला?"

बाईंनी तिला पुरतं बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या, "त्यांना डॉक्टरला दाखव. नेहमीच्या नाही. मेंदूच्या."

मुलगी खुर्ची ओढून बसली. मग तिने विचारलं, "कितव्यांदा सांगत होते?"

"तिसऱ्यांदा सुरू केलं होतं."

"मला वाटलं, माझ्याशीच बोलताना होतं. माझ्याशी बोलायला काही नसतं ना त्यांच्याकडे, म्हणून." तिचे डोळे भरले. "तू त्यांना का सांगितलं नाहीस, प्राचार्यांना?"

"तूही सांगू नकोस," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार उघडलं. हातात स्मृतिचिन्हाचा खोका घेऊन ते निरोप घ्यायला आले होते, मागे त्यांना सोडायला आलेले प्राचार्य. ते बाईंच्या टेबलापर्यंत आले, घंटी उचलून त्यांनी उलटसुलट पाहिली आणि हळूच जागेवर ठेवली. मघाचं हसू आता नव्हतं. काहीतरी त्यांना टोचत होतं आणि ते नेमकं काय, ते सापडत नव्हतं.

"एक विचारू? खरं सांग," ते म्हणाले. "माझी वेळ संपली होती का गं?"

प्राचार्य जमिनीकडे बघू लागले. मुलीने आईकडे पाहिलं. आजवर वेळेच्या बाबतीत बाई कोणाशीही खोटं बोलल्या नव्हत्या.

"हो," बाई म्हणाल्या. "संपली होती."

त्यांनी मान हलवली. जिवाला बरं वाटल्यासारखे ते सैल झाले. "तू म्हणतेस म्हणजे संपलीच असणार," ते म्हणाले. मुलीने त्यांचा हात धरला तसे ते दाराकडे वळले आणि उंबऱ्याशी पुन्हा थांबले.

"मला आपलं उगाच वाटत होतं," ते म्हणाले, "अजून आहे."